पाखराचा अपराध

१

आपले आदिकाव्य एका पक्ष्याच्या वधातून जन्माला आले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. क्रौंचाच्या जोडीतील नर व्याधाच्या बाणाने पडला, मादीने टाहो फोडला, आणि तो ऐकणाऱ्या ऋषीच्या शोकाला श्लोकाचे रूप आले. निरपराध जीव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम पाखरू येते, ते ह्या संस्कारामुळे. परंतु हा संस्कार काही एकट्या आपलाच नव्हे. अमेरिकेतील आलाबामा राज्यात, मन्रोव्हिल नावाच्या लहानशा गावी वाढलेल्या हार्पर ली ह्या लेखिकेने आपल्या पहिल्या कादंबरीला नाव दिले तेही पाखराच्या हत्येचेच. ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी ११ जुलै १९६० रोजी प्रसिद्ध झाली. १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले, १९६२ साली तिच्यावर चित्रपट निघाला, आणि आजवर तिच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. अमेरिकेतील पिढ्यान् पिढ्या शाळेच्या बाकावर बसून ती वाचत आल्या.

ह्या कादंबरीतील पाखरू म्हणजे पूर्वग्रहाने चिरडलेले निरागसत्व, हे उत्तर तिथला शाळकरी मुलगाही देईल. ते चूक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु कादंबरी ज्या मातीत उगवली त्या मातीचा इतिहास शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. पाखराला मारू नये हे आपण शिकलो. पण माणसाला न्याय कसा मिळतो, हे त्या शिकवणीत आले का? प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

प्रथम कथानक थोडक्यात. काळ १९३३ ते १९३५. मेकम नावाचे काल्पनिक गाव. वर्णनावरून ते मन्रोव्हिलचेच रूप आहे हे सहज ओळखू येते. ॲटिकस फिंच हे विधुर वकील, त्यांची दोन मुले जेम आणि स्काउट, आणि शेजारच्या घरात वर्षानुवर्षे स्वतःला कोंडून घेतलेला ‘बू’ रॅडली. गावातील टॉम रॉबिन्सन ह्या पंचवीस वर्षांच्या काळ्या मजुरावर मेयेला यूएल ह्या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आळ येतो, आणि त्याचे वकीलपत्र ॲटिकसकडे येते. मुलीच्या चेहऱ्यावरील जखमा उजव्या बाजूला आहेत. मारणारा डावखुरा असला पाहिजे. टॉमचा डावा हात लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडून कायमचा निकामी झालेला. डावखुरा आहे तो मुलीचा बाप. पुरावा इतका स्वच्छ असूनही बारा गोरे पुरुष टॉमला दोषी ठरवितात. पुढे तुरुंगाच्या शेतावरून पळू पाहताना पहारेकरी त्याला गोळ्या घालतात. प्रेतावर सतरा जखमा असतात.

आता पाखरू. नाताळात मुलांना हवेच्या बंदुका मिळतात, तेव्हा बाप त्यांना बजावतो की इतर काही मारले तरी चालेल, पण मॉकिंगबर्डला मारणे हे पाप आहे. शेजारच्या मॉडीबाई त्याचे कारण सांगतात. हा पक्षी कोणाची बाग नासत नाही, कोणाच्या धान्यात घरटे करीत नाही. तो मन ओतून गातो आणि आपल्याला आनंद देतो, एवढेच त्याचे काम. टॉमच्या मृत्यूनंतर गावच्या वर्तमानपत्राचे संपादक अंडरवुड अग्रलेखात त्या मृत्यूची तुलना शिकाऱ्यांनी आणि पोरांनी केलेल्या गाणाऱ्या पाखरांच्या निरर्थक कत्तलीशी करतात. आणि अखेरीस, मुलांचा जीव वाचविणाऱ्या बू रॅडलीला लोकांपुढे खेचणे म्हणजे पाखरू मारण्यासारखेच होईल, हे चिमुरडी स्काउट आपल्या बापाला समजावते. सबंध कादंबरीत हे प्रतीक अशा दोनचार ठिकाणीच येते. लेखिकेने त्याचा अतिरेक केलेला नाही, आणि म्हणूनच ते मनात राहते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, फिंच हे एका लहान पक्ष्याचे नाव, आणि लेखिकेच्या आईचे माहेरचे आडनावही फिंचच.

मॉकिंगबर्ड म्हणजे नकल्या पक्षी. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थही ‘अनेक जिभांचा नकलाकार’ असाच आहे. आपल्याकडे भृंगराज जसा इतर पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, तसाच हा, रात्रीसुद्धा गातो. परंतु ज्यांनी हा पक्षी जवळून पाहिला आहे त्यांना त्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. तो घरट्याच्या बाबतीत भारी तापट. घरट्याजवळ मांजर येवो, कुत्रे येवो की माणूस येवो, तो सूर मारून अंगावर येतो आणि टोचा मारतो. कादंबरीने ह्या पक्ष्याचे गाणे घेतले, त्याची चोच घेतली नाही. ही निवड ध्यानात ठेवू. तिच्याकडे पुढे वळावयाचे आहे.

३

टॉम रॉबिन्सनचा खटला काल्पनिक असला तरी तसले खटले काल्पनिक नव्हते. त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे स्कॉट्सबरोचा.

२५ मार्च १९३१. मंदीचे दिवस. कामाच्या शोधात बिनतिकीट फिरणारी काळी-गोरी पोरे एका मालगाडीवर चढली होती. गाडी टेनेसीतील चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघाली होती आणि वाटेत आलाबामाच्या हद्दीतून जात होती. गाडीवर मारामारी झाली, गोऱ्या पोरांना खाली उतरविण्यात आले, त्यांनी तक्रार केली, आणि पेंट रॉक ह्या स्थानकावर हत्यारबंद जमावाने गाडी अडविली. नऊ काळी मुले पकडली गेली. त्यांतला सर्वांत धाकटा बारा-तेरा वर्षांचा होता. त्याच गाडीवर हंट्स्व्हिलच्या दोन गोऱ्या गिरणीकामगार तरुणी सापडल्या: व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स. ह्या मुलांनी आपल्यावर बलात्कार केला, असे त्यांनी सांगितले. दोन आठवड्यांच्या आत, ६ एप्रिलला, स्कॉट्सबरो येथे खटले सुरू झाले. कचेरीबाहेर हजारोंचा जमाव होता, आणि बंदोबस्ताला लष्करी तुकडी. आरोपींच्या बाजूला उभे राहिलेले दोन वकील कसले? एक जमिनीच्या व्यवहारांतला, दुसरा वृद्ध आणि वर्षानुवर्षे फौजदारी खटल्याला न शिवलेला. चार दिवसांत सारे आटोपले. नऊपैकी आठ जणांना मृत्युदंड झाला. सर्वांत धाकट्याच्या बाबतीत सरकारी वकिलाने केवळ जन्मठेप मागितली होती. तरी काही ज्यूरर देहदंडच हवा म्हणून अडून बसले, आणि तेवढ्यामुळे त्याचा निकाल लागला नाही.

पुढची कहाणी मात्र इथेच थांबत नाही, आणि तीच आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. कम्युनिस्टांच्या कायदेविषयक संघटनेने अपील लढविले. ७ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ज्याला प्राणदंड होऊ शकतो आणि ज्याला स्वतः वकील देण्याची ऐपत नाही, त्याला न्यायालयाने खराखुरा वकील दिला पाहिजे. नुसता उभा केलेला नव्हे. मग १९३३ साली डिकेटर येथे फेरखटला झाला. न्यूयॉर्कचे नामांकित वकील सॅम्युएल लायबोविट्झ आले. रूबी बेट्स आरोपींच्या बाजूने साक्षीला उभी राहिली आणि असे काही घडलेच नाही म्हणून तिने शपथेवर सांगितले. तरीही ज्यूरीने हेवुड पॅटरसनला पुन्हा मृत्युदंडास पात्र ठरविले. न्यायाधीश जेम्स हॉर्टन हे त्याच प्रदेशातले, त्याच समाजातले. त्यांनी पुराव्याचा कण न् कण तपासला आणि २२ जून १९३३ रोजी तो निवाडा रद्द केला. तिथले न्यायाधीश निवडून यावे लागतात. पुढच्याच वर्षी हॉर्टन निवडणूक हरले आणि पुन्हा कधी न्यायासनावर बसले नाहीत.

तिसरा टप्पा ज्यूरीचा. काळ्या माणसाला ज्यूरीत बसण्यास कायद्याने बंदी करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १८८० सालीच सांगून ठेवले होते. परंतु बंदीचा कायदा करण्याची गरजच काय? यादी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी काळ्यांची नावे लिहिली नाहीत की काम भागले. लायबोविट्झ यांनी तोच मुद्दा धरला. त्या परगण्यात उभा जन्म घालविलेल्या साक्षीदारांनाही कधी काळा ज्यूरर पाहिल्याचे आठवत नव्हते. मग अधिकाऱ्यांनी ज्यूरीची नोंदवही पुढे केली. तीत काही काळ्यांची नावे होती खरी, पण ती मागाहून घुसडलेली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी भिंग घेऊन ती पाने पाहिली, आणि १ एप्रिल १९३५ रोजी निवाडे पुन्हा रद्द झाले.

म्हणजे मुले सुटली का? नाही. १९३७ साली चौघांवरील आरोप मागे घेण्यात आले. उरलेल्यांच्या वाट्याला लांब मुदतीची कैद आली. शेवटचा कैदी १९५० साली तुरुंगाबाहेर आला. क्लॅरेन्स नॉरिसला १९७६ साली आलाबामाच्या गव्हर्नरांनी ‘क्षमा’ केली. पॅटरसनसह आणखी तिघांना ती क्षमा मिळाली २०१३ साली, ते मरून कित्येक वर्षे लोटल्यावर. ज्याने अपराधच केला नाही त्याला क्षमा करावयाची, हा कायद्याच्या भाषेतला विनोद म्हणावा की विटंबना?

मालगाडीची ती घटना घडली तेव्हा हार्पर ली पाच वर्षांचीही नव्हती. तिच्या घराजवळही अशा गोष्टी घडत होत्या. १९३३ च्या अखेरीस मन्रोव्हिलजवळ वॉल्टर लेट नावाच्या काळ्या मजुरावर गोऱ्या स्त्रीने बलात्काराचा आळ घेतला. १९३४ साली त्याला मृत्युदंड झाला. गावातल्याच काही प्रतिष्ठितांना शंका वाटली, त्यांनी ती गव्हर्नरांना कळविली, आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. पण मृत्यूची वाट पाहता पाहता लेटचे मन ढासळले होते. १९३७ साली तो क्षयाने वारला. लेखिकेचे वडील ए. सी. ली हे गावातले वकील, आमदार आणि ‘मन्रो जर्नल’ ह्या वर्तमानपत्राचे संपादक. घरात ह्या गोष्टी बोलल्या जात नसतील असे कसे म्हणावे?

आणि लेखनाचा काळ कोणता? १९५० नंतरच्या दशकाची अखेर. ऑगस्ट १९५५ मध्ये शेजारच्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या मुलाला ठार मारण्यात आले. गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणा केला, एवढेच निमित्त. सप्टेंबरमध्ये सर्व गोऱ्या ज्यूरीने मारेकऱ्यांना ६७ मिनिटांत सोडून दिले. डिसेंबरात माँटगमरी येथे काळ्या प्रवाशांनी बसगाड्यांवर बहिष्कार घातला, आणि तो वर्षभराहून अधिक काळ चालविला. टस्कीगी येथील संस्थेने ठेवलेल्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ ह्या काळात अमेरिकेत झुंडीने ठार केलेल्या काळ्या माणसांची संख्या ३,४४६ भरते. मेकमच्या तुरुंगापुढे रात्री जमलेला घोळका आणि त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेला ॲटिकस, हा प्रसंग ह्या आकड्याच्या पार्श्वभूमीवर वाचावयाचा असतो. कादंबरीत एका लहान मुलीच्या निर्व्याज बोलण्याने तो घोळका परततो. प्रत्यक्षात अशी मुलगी त्या ३,४४६ जणांच्या वाट्याला आली नाही.

४

आता पुन्हा पाखराकडे वळू. बापाने मुलांना दिलेला उपदेश नीट ऐकला तर त्यात एक अर्धे वाक्य आहे, ते सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ब्लू जे नावाचा पक्षी जमला तर खुशाल मारा, अशी तिथे मोकळीक आहे! ब्लू जे म्हणजे निळा, भांडखोर, कर्कश ओरडणारा पक्षी. म्हणजे नियम असा ठरला की, जो गोड गातो आणि कोणाची नासधूस करीत नाही, त्याला मारणे पाप. जो कर्कश आहे, बागेत येतो, त्याची हमी नाही. ही भूतदया झाली, आणि भूतदया ही थोर गोष्ट आहे. परंतु भूतदयेत पारडे नेहमी दया करणाऱ्याच्या हाती असते. कोण गोड गातो हे तोच ठरवितो.

टॉम रॉबिन्सनची उभारणी ह्याच मापाने झाली आहे. तो सभ्य आहे, कष्टाळू आहे, देवभीरू आहे, पंगू आहे, विवाहित आहे, मोबदला न घेता परक्या मुलीचे काम करून देतो. त्याच्या ठिकाणी एकही खोट नाही. वाचकाच्या मनात त्याच्याविषयी करुणा उपजावी म्हणून लेखिकेने त्याची चोच काढून घेतली आहे. स्कॉट्सबरोची मुले अशी नव्हती. त्यांतली काही अक्षरशत्रू होती, काही उनाड होती, मालगाडीवर मारामारीही झाली होती. १९३६ साली ओझी पॉवेलने पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यावर चाकू चालविला आणि डोक्यात गोळी खाल्ली. हेवुड पॅटरसन तुरुंगातून पळाला, आणि पुढे एका दारूच्या गुत्त्यातील भांडणात माणूस मारल्याबद्दल दुसऱ्याच राज्यात कैदेत पडून १९५२ साली मेला. ही गाणारी पाखरे नव्हती. माणसे होती, आणि सहा-सहा, दहा-दहा वर्षे विनाकारण कोंडली गेल्यावर माणसे कशी होतात तशी होती. परंतु त्या मालगाडीवरचा आळ खोटा होता, एवढे पुरे होते. त्यांना वकील हवा होता आणि निःपक्षपाती ज्यूरी हवी होती. निष्कलंक चारित्र्याचा दाखला त्यांच्याकडे कोणी मागावयाचे कारण नव्हते. आणि जे काही त्यांच्या हाती लागले, ते दयेने लागले नाही. न्यायमूर्तींच्या हातातील भिंगाने लागले.

ह्याचा अर्थ कादंबरी भाबडी आहे, असा कोणी घेऊ नये. लेखिकेला हे सारे कळत होते, ह्याची खूण कादंबरीतच आहे, आणि ती मोठी मार्मिक आहे. तू त्या मुलीची कामे फुकट का करीत होतास, असे सरकारी वकील टॉमला विचारतो. टॉम उत्तर देतो की, मला तिची कीव येत होती. त्या एका शब्दाने न्यायालय गारठते. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी? दया वरून खाली यावयाची असते. खालून वर जाऊ लागली की तो उद्धटपणा होतो. टॉमचा खरा अपराध हाच. जोवर तो दयेचा विषय आहे तोवर तो पाखरू. ज्या क्षणी तो स्वतः दया करू लागला त्या क्षणी तो माणूस झाला, आणि पूर्वग्रहाला हेच सहन होत नाही.

पुढे त्याच्या मरणातही हाच धागा दिसतो. अपिलात आशेला जागा आहे असे ॲटिकस त्याला सांगत असतो. परंतु गोऱ्यांनी द्यावयाच्या संधींची वाट पाहून टॉम थकला असावा आणि त्याने स्वतःच्या हाताने संधी घ्यावयाची ठरविली असावी, असा तर्क ॲटिकसच करतो. हा एका माणसाचा निर्णय होता, भले तो आततायी म्हणा. मागाहून वर्तमानपत्रात मात्र त्याचे पुन्हा गाणारे पाखरू होते. अग्रलेख लिहिणारा संपादक काळ्यांचा काही कैवारी नव्हता. त्याच्या लेखी हा पंगूला मारण्याचा प्रश्न होता, न्यायाचा नव्हता. गावाने तो अग्रलेख वाचला, आणि कोणाच्याही जाहिराती थांबल्या नाहीत. करुणा अशी बिनखर्ची असते. ज्यूरीच्या यादीत एक काळे नाव लिहावयाचे म्हटले असते तर मात्र गाव पेटले असते.

दया आणि हक्क ह्यांतील हा भेद मराठी वाचकाला निराळा समजावून द्यावा लागू नये. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली घटनेने नष्ट झाली, तेव्हा त्याचे पडसाद आपल्या पुण्यात उमटले होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. त्यांनी काळ्यांच्या दास्यमुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल तो आदर होता. त्या वेळी दक्षिणेत काळे लोक मते देत होते, निवडून येत होते, ज्यूरीत बसत होते. अवघ्या चार वर्षांत, १८७७ साली, उत्तरेचे सैन्य दक्षिणेतून निघाले आणि ते दिवस सरले. १९०१ साली आलाबामाने नवी घटना करून साक्षरतेच्या, मालमत्तेच्या आणि मतपट्टीच्या अशा अटी घातल्या की काळ्यांची मते जवळजवळ पुसली गेली. मेकमच्या ज्यूरीत बारा गोरे का बसले होते, त्याचे उत्तर त्या वर्षात आहे. टॉमच्या जन्माआधीच त्याचा निकाल लागला होता.

पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जो समुदाय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर गेला, तो कोणाच्या करुणेने दिलेले पाणी पिण्यासाठी गेला नव्हता. सार्वजनिक तळे सर्वांचे, एवढेच त्याला शाबीत करावयाचे होते. तहानलेल्याला दुरून ओंजळीत पाणी घालणारे दयाळू लोक त्याही काळी होतेच. १९४६ साली आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले आणि अस्पृश्य व अमेरिकेतील काळे यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. दोन्ही ठिकाणचे दुखणे एकच होते: दया करणारे पुष्कळ, हक्क मानणारे थोडे.

५

पाखराचे प्रतीक कादंबरीत पूर्णपणे फळाला येते ते बू रॅडलीच्या बाबतीत, हे पाहण्यासारखे आहे. मुलांवर रात्री हल्ला करणाऱ्या बॉब यूएलचा मृत्यू होतो. बूने मुलांना वाचविताना तो घडला, हे शेरीफला कळून चुकते. तरी बूला चौकशीपुढे उभे करण्यास तो नकार देतो. यूएल आपल्याच सुरीवर पडला, असे तो ठरवून टाकतो. ॲटिकस, जो आयुष्यभर कायद्याची कास धरून चालला, तोही मान तुकवितो. म्हणजे जे पाखरू वाचले ते न्यायालयाच्या दाराशी न नेल्यामुळे वाचले, आणि जे न्यायालयात नेले ते मेले. वाचलेले गोरे होते, मेलेले काळे. लेखिकेने हे विधान कोठेही उघड केलेले नाही. कथेची मांडणीच ते बोलते. माझ्या मते ही ह्या कादंबरीची सर्वांत कठोर बाजू आहे, आणि शाळांतून तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

हार्पर ली १९ फेब्रुवारी २०१६ रोजी मन्रोव्हिल येथेच निवर्तली. तिच्या हयातीतच त्या गावाने कादंबरीचे तीर्थक्षेत्र उभारले. जुन्या कचेरीचे संग्रहालय झाले. कादंबरीचे नाट्यरूप तिथे वर्षानुवर्षे होत आले आहे. खटल्याचा अंक खऱ्याखुऱ्या न्यायालयात रंगतो, प्रेक्षकांतून बारा जण निवडून ज्यूरीच्या जागी बसविले जातात. दर वेळी ते टॉमला दोषी ठरवितात, कारण संहितेत तसे लिहिले आहे. प्रेक्षक हळहळतात आणि बाहेर पडतात.

ह्याच परगण्यात १९८७ साली वॉल्टर मॅकमिलियन नावाच्या काळ्या माणसाला एका गोऱ्या तरुणीच्या खुनासाठी पकडण्यात आले. लाकूडतोडीचा लहानसा धंदा करणारा हा गृहस्थ काही गाणारे पाखरू नव्हता. विवाहित असून एका गोऱ्या विवाहित स्त्रीशी त्याचे संबंध होते, आणि ते गावात षट्कर्णी झाले होते. खुनाच्या वेळी तो आपल्या घरी होता. अंगणात मासे तळून विकण्याचा कार्यक्रम चालला होता, आणि त्याला पाहणारी कितीतरी माणसे होती. पण ती सारी काळी. खटला सुरू होण्याआधीच त्याला देहदंडाच्या कैद्यांत नेऊन ठेवण्यात आले. १९८८ साली दीड दिवसात खटला संपला. ज्यूरीत अकरा गोरे होते, एक काळा. ज्यूरीने जन्मठेपेची शिफारस केली. न्यायाधीशाने ती डावलून मृत्युदंड दिला. ब्रायन स्टीव्हन्सन ह्या तरुण काळ्या वकिलाने प्रकरण हाती घेतले, दडविलेला पुरावा बाहेर काढला, मुख्य साक्षीदाराने आपण खोटे बोललो असे कबूल केले, आणि मार्च १९९३ मध्ये मॅकमिलियन सुटला. मृत्यूच्या छायेत त्याची सहा वर्षे गेली होती. ज्यूरीचे मत डावलून देहदंड देण्याचा न्यायाधीशांचा अधिकार आलाबामाने रद्द केला तो २०१७ साली.

ज्या गावाने पाखराचा धडा साऱ्या जगाला दिला, त्याच्याच परगण्यात हे घडले. ढोंग म्हणून त्याकडे बोट दाखविणे सोपे आहे. परंतु मला त्यात ढोंगापेक्षा एक गैरसमज अधिक दिसतो. टॉमसाठी डोळे पुसणाऱ्यांना मॅकमिलियनमध्ये टॉम दिसला नाही, कारण ते टॉमला शोधत होते. त्यांना निष्कलंक, नम्र, पंगू माणूस हवा होता. समोर आला तो स्वतःच्या पायावर उभा असलेला, गावाच्या रीतीला न जुमानणारा मनुष्य. त्यांच्या हिशेबी तो ब्लू जे ठरला.

म्हणून ही कादंबरी टाकून द्यावी का? मुळीच नव्हे. कित्येकांना अन्यायाचा पहिला चटका ह्याच पुस्तकाने दिला, आणि ते पुढे वकील झाले, कार्यकर्ते झाले. मुलांच्या हाती बंदूक देताना एवढे तरी सांगणारा बाप प्रत्येक घरात असावा. परंतु मुले मोठी झाली म्हणजे त्यांना त्या उपदेशाचा उरलेला भागही सांगावयास हवा. पाखरू गाते म्हणून त्याला मारू नये, ही शिकवण बालपणाला शोभते. गाणे न येणाऱ्यालाही, बागेत शिरणाऱ्यालाही, टोचा मारणाऱ्यालाही चौकशीवाचून मारता येत नाही, ही शिकवण नागरिकाची. पहिलीला कोमल हृदय लागते. दुसरीला वकील लागतो, ज्यूरीची खरी यादी लागते, निवडणूक हरण्याची तयारी असलेला न्यायाधीश लागतो, आणि नोंदवहीवर भिंग धरणारा डोळा लागतो. स्कॉट्सबरोच्या मुलांना ह्यांतले जेवढे मिळाले, तेवढेच ती जगली.